चांद्याचं लॉन

नवरी सासरी जायले निघाली की आमच्या लॉनवर सारेच रडत. नवरी रडे, नवरीची माय रडे, उशिरा आलेले पाव्हणे गुलाबजाम संपले म्हणून रडत. अन् या रडारडीत देवरावकाका एका बाजूले गुडघ्यावर बसून गवतातून ज्वारी वेचत राहे.

एक एक दाणा. आमच्याकडे लग्नात अक्षता ज्वारीच्या असते, लाल-पिवळ्या रंगात भिजवेल. मंगलाष्टक सुरू झालं की सारा मांडव मुठी भरून फेकते. त्यातल्या थोड्या नवरदेवाच्या डोक्यावर पडते, थोड्या माह्या, कारण मी जनरेटरपाशी उभा राहतो अन् पोट्ट्यांचा नेम तिकडेच असते. बाकी साऱ्या गवतात. लोक जेवाले पळाले की देवरावकाका डोक्यावरची टोपी काढून उलटी धरे अन् सुरू होये. एकदा एका बुढीनं गरीब समजून त्याच्या टोपीत पैसे टाकले. त्यानं ते काढून बाजूले ठेवले, अन् पैशाच्या धक्क्यानं एखादा दाणा बाहेर तं नाही उडाला, हे पाहाले पुन्हा गवतात तोंड घातलं.

मी गजानन. लॉनवर मले गज्या म्हणते. शाळेत तिसऱ्या वर्गात मी इतके साल बसलो की मास्तर बदलून गेले अन् मी राह्यलो. शेवटी बाप म्हणे, घरीच बस, तिथं तं भाडंही लागत नाही. आता जनरेटर सांभाळतो. लाईन गेली की चालू कराचा, आली की बंद कराचा. यातही मी कधी कधी उलटं करतो.

नेरच्या बाहेर, अमरावतीच्या रस्त्यावर शेठचं लॉन हाय. लॉन म्हणजे आमच्या भागात गवत नाही, लॉन म्हणजे लग्न लावाची जागा. कितीक लॉनवर गवताची काडी नसते, नुसता मुरूम असते. पण आमच्या शेठच्या डोक्यात खरंखुरं गवत. तो कोण्या मोठ्या हॉटेलात लग्नाले गेलता, तिथं त्यानं भर थंडीत हिरवंगार गवत पाह्यलं. आपल्याकडलं गवत दिवाळी झाली की भुरकं पडते, गाढवाच्या पाठीवाणी. मंग त्यानं हे बी आणलं. रायग्रास. दिवाळीनंतर जुन्या गवतावर फेकाचं, रोज पाणी माराचं, आठवड्याभरात सुईवाणी हिरवं निघते. इतकं हिरवं की फोटोवाला म्हणे, कोणी इश्वास नाही ठेवणार, रंग कमी करा लागते. अन् मऊ. पाय ठेवला तं वाटे आपण कोणाच्या तरी पोटावर उभे हावो.

पण थंडीचं गवत. होळीपर्यंत राहे. ऊन तापलं की चार-दोन दिवसात पिवळं पडून मरे. ते गवत मले लय आपलं वाटे. आमच्या इकडच्या उन्हात जे टिकत नाही, त्याच्यात मीही येतो.

या गवतावर शेठनं देवरावकाकाले ठेवलं होतं. सत्तरीचा माणूस, हाडकुळा, अंगात बंडी. त्याचं एकच बोलणं, "पाय हलका ठेवा, पाव्हणं." सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेच. नवरदेव घोड्यावर बसून आला तं फाटकातच घोड्याचा लगाम धरे. म्हणे, घोडा बाहेर राहू द्या, नवरदेव पायी येईन, त्याले आजपासून सवय झाली पाहिजे. उंच टाचेच्या चपला घालून बाया आल्या की हा त्यांच्या पुढं पोतं अंथरत जाये. एका जाड्या व्याह्याले त्यानं सांगतलं, "जरा तिकडे सरका, खाली दबून राह्यलं." व्याही घाबरून उडाला. त्याले वाटलं पोट्टं सापडलं पायाखाली.

दुसरा नाद दातांचा. माणूस समोर आला की हा त्याचं तोंड पाहे, बैलबाजारात पाहते तसं. एका नवरदेवाच्या मामानं सांगतलं, पोरगा पंचवीसचा हाय. देवरावकाका हळूच मले म्हणे, "जुळून लय साल झाले त्याले." बैलाचे सारे दात आले की त्याले जुळला म्हणते, मंग त्याचं वय कोणी सांगू शकत नाही, मालक सांगन तेच खरं. माहे दात त्यानं पहिल्याच दिवशी पाह्यले. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन खाऊन माह्या तोंडाचा चुन्याचा डबा झाला हाय. म्हणे, "गज्या, तुले बाजारात नेला तं गिऱ्हाईक दावं घेईन अन् बैल परत करन."

शेठनं गवत कापाची मशीन आणली होती. देवरावकाकानं तिले हात लावला नाही. पेट्रोलचा वास लागते म्हणे गवताले. तो इळ्यानं कापे. उकिडवा बसून, एका कडेनं दुसऱ्या कडेपर्यंत, जशी न्हावी कटिंग करते. युरिया टाकू दे नाही, औषध फवारू दे नाही. कापलं गवत चादरीत बांधे अन् डोक्यावर घेऊन घरी जाये. शेठ साऱ्याइले सांगे, देवराव माह्या गवतावर जीव टाकते. मलेही तसंच वाटे.

अन् ज्वारीवरून त्याचं रोजचं भांडण. लग्न असलं की सकाळीच हा नवरीच्या बापापाशी हात जोडून उभा. तांदळाच्या अक्षता घ्या न जी, ज्वारी नको. नवरीचा बाप आधीच जिथं तिथं हात जोडून थकेल, तो म्हणे आमच्यात ज्वारीच असते. मंग देवरावकाका घरून राशनचे तांदूळ हळदीत रंगवून आणे अन् मांडवात वाटत फिरे. लोक दोन्ही घेत. त्याइले फेकाले जास्त झालं.

मी एकदा इचारलं, काका, कायले इतका जीव काढता.

"उगवते ना बे," तो म्हणे.

ज्वारी उगवते हे मलेही ठाव होतं. मी समजलो, बुढ्याचा एखादा खिळा ढिला हाय. आमच्या लॉनवर काम कराले तसेच लागते.

एका दुपारी पाण्याचा कॉक लावाची चावी त्याच्यापाशी राह्यली. शेठनं मले त्याच्या घरी धाडलं. जुन्या वस्तीत, नाल्याच्या काठी एक खोली अन् बाजूले टिनाचा गोठा. गोठ्यात एक बैल बसेल होता. कपाळावर पांढरा चंद्र, बरगड्या अशा की लहान पोरगं त्यावर पाढे शिकन. देवरावकाका त्याच्यापुढं बसून आमच्या लॉनचं गवत चिमटी-चिमटीनं त्याच्या तोंडात देऊन राह्यला होता. नव्या सुनेले सासू पहिला घास देते तसं.

तो चांद्या. त्याच्या तोंडात एकही दात नव्हता. दाढाही घासून गुळगुळीत. कुटार, म्हणजे भुसा, तोंडात घेई, घोळवी, अन् तसंच्या तसं बाहेर टाकी. कडबा तं त्याले लाकूडच. तेवढं हे थंडीचं गवत त्याले हिरड्यानं चावता ये. म्हणून इळा, म्हणून युरिया नाही, म्हणून पाय हलका ठेवा. दबलेल्या गवताले माती लागते अन् माती लागली की चांद्या तोंड फिरवते. थंडीभर ओलं खाऊ घालून जे उरे ते देवरावकाका सावलीत वाळवून पोत्यात दाबून ठेवी अन् उन्हाळाभर पाण्यात भिजवून देई. पावसाळ्यात बांधावर कोवळं मिळे. असा त्याच्या सालाचा हिशोब जमेल होता.

अन् ज्वारी? ज्वारीचा कोवळा कोंब जनावराच्या पोटात गेला तं इखावाणी लागते, पाहता पाहता जनावर मरते. हे आमच्याकडे गुराख्याच्या पोरालेही ठाव असते. मले नव्हतं. मी शेतकऱ्याच्या घरी जन्मलो, पण बैलाचं शेपूट कोण्या बाजूले असते तेवढंच मले सांगता येते, तेही बैल चालत असला तं.

देवरावकाका एका पाटलाच्या घरी गडी होता. सारी उमर त्याच्या बैलाइमागं गेली. पाटलानं ट्रॅक्टर घेतला अन् जोडी इकाले काढली. एक इकला. चांद्याले कोणी घेतलं नाही, तोंड उघडून पाहत अन् पुढं जात. मंग यानंच मागून घेतला. बायको मरून गेली होती. पोरगी मारेगावले देली होती, ती म्हणे बाबा माह्याकडे राहाले या. तिचं घर वरच्या मजल्यावर.

"जिना बैलाले चढते का?" त्यानं मले इचारलं. मले वाटलं गंमत करून राह्यला. तो खरंच इचारून राह्यला होता.

मागची दिवाळी झाली. देवरावकाका रोज शेठले इचारे, बी कवा आणता. पावसाळ्यातलं गवत सरलं होतं, पोती रिकामी झाली होती. शेठ म्हणे आणू, आणू. मंग एक दिवस ट्रक आला. ट्रकात गुंडाळे. हिरवे.

पलास्टिकचं गवत. शेठ खूश. म्हणे, आता साल-भर हिरवं, होळी नाही की दिवाळी नाही. पाणी नाही, बी नाही, चिखल नाही. घोडा आणा, हत्ती आणा. देवरावकाका गुंडाळ्यापाशी गेला, हात फिरवला, वाकून वास घेतला. मंग शेठले एकच गोष्ट इचारली.

"हे कापा लागते का?"

"नाही ना. तेच तं सांगून राह्यलो."

देवरावकाका तिथंच खाली बसला.

शेठ वाईट माणूस नाही. त्याले बैल-बिल काही ठाव नव्हतं अन् देवरावकाका सांगणार नाही. मी सांगाले गेलो तं शेठ म्हणे, गज्या, तुही कोणती गोष्ट खरी मानू, काल तू म्हणला जनरेटरले सर्दी झाली. त्यानं देवरावकाकाले कामावरून काढलं नाही. उलट सोपं काम देलं. पलास्टिक उन्हात तापते, अनवाणी पाव्हण्याचे पाय पोळते, म्हणून त्यावर पाणी माराचं. जो माणूस गवताले पाणी घालून घालून वाकला, तो आता रोज पलास्टिकले पाणी घाले. लोक चपला-बुटानं नाचत. त्याच्या तोंडून "पाय हलका" निघून जाई, मंग तोच चूप होई.

कोठीत मागच्या सालचं अर्धं पोतं बी उरेल होतं. शेठनं ते देऊन टाकलं. आता पेराचं कुठी? त्याच्या वस्तीत नळ येते तवा येते. माह्या घरी कोंबड्या. शेवटी लॉनच्या मागं, आचाऱ्याची भांडी धुवाची जागा होती, तिच्या बाजूले ओल राहे. तिथं आम्ही दोघानं माती भुसभुशीत केली. म्हणजे त्यानं केली, मी फावडं कोण्या हातानं धराचं ते शिकलो. मोडक्या खुर्च्यांचं कुंपण लावलं. आठवड्यानं हिरव्या सुया निघाल्या. दोन खाटांएवढी जागा, पण देवरावकाका तिच्याकडे असा पाहे जसं काही सारं नेर त्याच्या नावावर झालं.

गवत बोटभर वाढलं अन् लग्न आलं. लग्नात माणसाले जेवाले पुढची बाजू लागते अन् मोकळं व्हाले मागची. शेठनं संडास-बाथरूम बांधेल हाय, पण आमच्या माणसाले वर आभाळ दिसल्याशिवाय मोकळं वाटत नाही. देवरावकाका दिवसभर काठी घेऊन कुंपणापाशी उभा राह्यला. बऱ्याच जणाइले त्यानं अर्ध्या वाटेतून फिरवलं. दुपारी वरात आली अन् शेठची हाक आली, पाय पोळून राह्यले, पाणी मार लवकर. तो मले म्हणे, "गज्या, पाह्य जरा."

मी पाह्यलं. तीन पाव्हणे येताना पाह्यले, मोठे मोठे, इस्त्रीचे कपडे. मी अशा माणसाले काय अडवणार, मले तं माही बकरीही अडवून धरते. मंग मी डोकं चालवलं. आजपर्यंत मी जवा जवा डोकं चालवलं, कोणाचं तरी घर बसलं हाय.

मी म्हणलं, तिकडे जाऊ नका भाऊ, नाग निघाला तिथं.

मले वाटलं पळतीन. ते पळाले, पण मांडवाकडे. सारा मांडव घेऊन आले. अर्ध्याइच्या हातात मोबाईल. नवरदेवाच्या मामानं बांबू आणला. बाया आचाऱ्याच्या चहाचं दूध घेऊन आल्या, हळद-कुंकू घेऊन आल्या. कुंपणाच्या खुर्च्या काढून त्यावर लोक उभे राह्यले, दिसाले पाहिजे म्हणून. कुठी हाय, कुठी हाय. मी म्हणलो, आत्ता तं होता. मंग त्याइनं बीळ शोधाले सारी जागा खोदली. साप पकडणारा आला, त्यानं खालून वरून माती फिरवली. नवरदेवही पाहून गेला. नव्हताच तो साप, पण त्याचं दर्शन घेतल्याशिवाय कोणी जेवाले बसलं नाही.

गर्दी गेली तवा तिथं खळं झालं होतं. चिखल, दूध, कुंकू. देवरावकाका पाण्याची नळी हातात घेऊन उभा होता.

"तू शिकेल असता तं लय मोठं नुकसान केलं असतं," तो मले म्हणला. रागानं नाही म्हणला. मंग खाली बसला अन् चिखलातून उपटलेले झुबके वेचाले लागला. नळीखाली एक एक झुबका धुतला, धोतराच्या सोग्यात घेतला.

"आजचं तं झालं," म्हणे.

उद्याचं झालं नाही. थंडी चढत गेली. तो पाटाच्या कडेनं इळा घेऊन फिरे, अन् मूठभर हरळी घेऊन ये. सरकीची ढेप भिजवून देई, पण नुसत्या ढेपीनं बैल फुगे. मंग त्यानं बायकोचा पाटा काढला, ज्यावर ती चटणी वाटत होती. त्यावर कुटार ठेवून वरवंट्यानं वाटे, पाणी लावून लावून, मऊ होईस्तोवर. मी एकदा मदतीले गेलो. चार मुठी वाटल्या अन् माहे खांदे उतरले. बैलाचं पोट केवढं असते, ते पाटा-वरवंट्यानं मोजाले गेलो तवा मले कळलं. चांद्या थोडं खाये, त्याच्या हाताचा मान राखल्यावाणी. मंग तेही सोडलं.

संक्रांतीच्या पुढं एका सकाळी चांद्या उठला नाही. देवरावकाकाचा निरोप आला. आम्ही नाल्याच्या वर खड्डा खोदला, मीठ टाकलं. मी खड्ड्यात पडलो, ते वेगळं. दोन माणसाइनं मले वर काढलं अन् चांद्याले खाली सोडलं. देवरावकाकानं त्याच्या गळ्यातलं दावं सोडून घेतलं, ते हातात गुंडाळत उभा राह्यला. रडला-बिडला नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर आला. पलास्टिकले पाणी मारलं. मी त्याले हसवाले लय पाह्यलं. जनरेटरच्या गोष्टी सांगतल्या, बायकोनं मले चपलेनं मारलं ते सांगतलं, मारलं नव्हतं तेही सांगतलं. तो हं हं करे. पण एक नवीन झालं. काम संपलं तरी तो घरी जाये नाही. पाव्हणे गेले, मांडव निघाला, खुर्च्या एकावर एक लागल्या, तरी हा एका खुर्चीवर बसेल. शेठ म्हणे, देवराव, जा आता. हा हो म्हणे अन् बसून राहे.

मी जवळ जाऊन इचारलं, काका, काहून जात नाही घरी.

 तो म्हणला, "घरी गेलं की कोणी मान उचलून पाहत नाही रे गज्या."

मी जनरेटर बंद कराले गेलो, तो आधीच बंद होता. 

दुसऱ्या दिवशी मी शेठले पोट दुखते सांगून लवकर निघालो. नाल्याच्या काठी गेलो, त्याच्या गोठ्यात शिरलो अन् खुंट्यापाशी बसलो. माही बायको लग्न झाल्यापासून मले बैलच म्हणते, त्यामुळे जागा काही परकी वाटली नाही. खाली अजून शेणाचा वास होता. डास चावत होते. मी बसलो.

दिवस कलल्यावर फाटक वाजलं. मी मान उचलून पाह्यलं.

देवरावकाका फाटकातच थांबला.  टोपी खुंटीले अडकवली, हात-पाय धुतले, हौदातून बादली भरली अन् रोजच्या जागी आणून ठेवली, म्हणजे माह्यासमोर. ठेवल्यावर त्याच्या ध्यानात आलं. बादलीची कडी त्याच्या हातातून सुटेना. तो तसाच वाकून उभा राह्यला.

मी हात धुतले नव्हते. तसेच पाण्यात घातले अन् ओंजळीनं प्यालो.

"अजून आणू का?" त्यानं इचारलं.

मी म्हणलं, आणा.